बाहेर जाणारा बाण

१

जुनं सॉफ्टवेअर गेलं आणि नवं आलं, तेव्हा ऑफिसात कुणी डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. वेबसाइटवर रोज किती माणसं येतात, काय बघतात, किती वेळ रेंगाळतात आणि कधी निघून जातात, एवढं मोजायचं त्याचं काम. पाच वर्षं त्याने ते मान खाली घालून केलं आणि पाच वर्षं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. ते कायमचं बंद होणार असं कळलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "बरं झालं. आंधळं दळत होतं नि कुत्रं पीठ खात होतं."

कंपनी छोटी. सामानासकट घरं भाड्याने देणारी. बेचाळीस घरं आणि ती सांभाळणारी चार माणसं. प्रत्येक घराचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, ते जोडायचे आणि वेबसाइटवर टाकायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसून घरभर फिरता येतं. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून झोपायच्या खोलीत. एका खोलीतून दुसरीत जायला दारावर पांढरा बाण असतो, त्यावर टिचकी मारायची. हे बाण लावायचं काम चौघांतल्या एकीचं. त्यावरून ऑफिसात तिला बाणाबाई म्हणत. पहिल्या वर्षी तिला राग यायचा, मग सवय झाली.

नवं सॉफ्टवेअर बसवलं कॉम्प्युटरवाल्याने. त्याला सगळे सर्वज्ञ म्हणत, कारण विचारायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असे. पहिल्याच दिवशी सर्वज्ञाने मोजणीचा कोड चुकून दोनदा चिकटवला आणि येणारा प्रत्येक माणूस दोनदा मोजला गेला. मालकीणबाईंनी दुपारपर्यंत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. चूक कळल्यावर त्या दिवसभर त्याला "एकाचे दोन" म्हणून हाका मारत होत्या.

तो गोंधळ निस्तरला. मग तीन वर्षांची जुनी नोंद नव्यात ओतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एक आकडा आला, तो मात्र निस्तरेना. आत्ता साइटवर असलेला माणूस सरासरी किती वेळ थांबलाय? इतकी वर्षं उत्तर होतं दोन मिनिटं. नवं सॉफ्टवेअर सांगत होतं, एकोणीस तास.

"आपल्याकडे लोक मुक्कामालाच यायला लागलेत," सर्वज्ञ म्हणाला. "ताई, कुणीतरी एकच शहाणा असणार, सगळी सरासरी ओढून नेणारा. तेवढा शोधून काढा ना. माझ्या हातात दहा कामं आहेत."

तिच्या हातात अकरा होती. पण ती बरं म्हणाली.

२

घरी ती आणि बाबा, दोघंच. दिवसभर बाबांजवळ एक मावशी असायच्या, ती संध्याकाळी आली की मावशी जायच्या.

बाबांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर काढली होती. आत जाणाऱ्याचं नाव, वेळ, सही. बाहेर येणाऱ्याचं नाव, वेळ, सही. पाळी संपली की दोन्ही रकाने जुळायला हवेत. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले, तरच फाटकाला कुलूप लावायचं आणि तरच आपण घरी जायचं. लहानपणी ती कितीदा तरी जेवायला त्यांची वाट बघत बसायची आणि आई म्हणायची, "एखादा अडकला असेल आत. बाप तुझा त्याला घेऊनच येईल."

या घरात राहायला येऊन आठ महिने झाले होते. कंपनीच्याच बेचाळिसांतलं हे एक. तळमजला, एकही पायरी नाही, म्हणून मालकीणबाईंनी स्वतःहून तिला दिलं. बाबांना करमावं म्हणून पहिल्याच दिवशी तिने एक जाडजूड वही आणून दिली आणि बाबांनी त्याच दिवशी पट्टीने रकाने आखले. नाव, आत, बाहेर, शेरा. मावशी आल्या, गेल्या. पोरगी आली, गेली. गॅसवाला आला, गेला. ती गमतीने रोज सही करायची.

पाच महिन्यांपूर्वी बाबा पॅसेजमध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कसे पडलात असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "समोरून माणूस येत होता. वाट द्यायला सरकलो."

दुपारी घरात कुणी नव्हतंच. मावशी गच्चीवर होत्या. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, तिने डॉक्टरांकडे बघितलं, आणि वय झालंय एवढ्यावर दोघांनी ते सोडून दिलं. तेव्हापासून बाबा वॉकर धरून चालायचे. दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. पॅसेजमधल्या फरश्या पोकळ होत्या, त्यावर प्रत्येक पाऊल टकटक वाजे, आणि स्वयंपाकघरात पाठमोरी असतानाही बाबा कुठवर आले ते तिला कळे.

त्या संध्याकाळी तिने जेवताना एकोणीस तासांची गंमत सांगितली. बाबा हसले नाहीत.

"तुमच्याकडे आत-बाहेर जुळत नाही तर," ते म्हणाले.

"नाही ना. एकजण जास्त आहे."

"इथेही," बाबा म्हणाले आणि ताटातला घास मोडला. "आत एक माणूस जास्त आहे, पोरी. मी तुला मागेही बोललो होतो."

बोलले होते खरे. तिने विषय बदलला आणि त्यांना पाणी दिलं.

३

शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळ्या भेटी जास्त वेळापासून कमी वेळापर्यंत लावून बघितल्या आणि तो पहिल्याच ओळीत होता.

घर क्रमांक चौदा. भेट: एक. कुठून आला: रिकामं. कुठल्या यंत्रावरून: रिकामं. आत आला ती तारीख आणि वेळ होती. बाहेर पडला: रिकामं. एकूण वेळ दोनशे त्रेचाळीस दिवस.

चौदा नंबर म्हणजे तिचंच घर.

तिने सर्वज्ञाला बोलावलं. त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच दहा मिनिटं खाटखूट करून मग तोंड उघडलं.

"जुनं काय करायचं," तो हळूहळू म्हणाला, "रोज बाराच्या ठोक्याला प्रत्येक भेट तोडायचं आणि नवी सुरू करायचं. शिवाय बंद घरातली माणसं ते मोजतच नव्हतं, नुसती नोंद ठेवायचं. नवं तसं तोडत नाही. मधे खंड नसेल तर ती एकच भेट धरतं."

"म्हणजे हा रोज येतोय?"

"नाही ताई. रोज येत नाहीये." त्याने चष्मा काढून पुसला. "आल्यापासून गेलेलाच नाही."

आत आल्याची तारीख तिने पुन्हा वाचली. सकाळचे अकरा वीस. ती तारीख ती विसरणं शक्य नव्हतं. सामानाचा टेम्पो दाराशी उभा होता, बाबा खुर्चीत बसून कपाटाकडे लक्ष ठेवत होते, आणि ती एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून घाईघाईने चौदा नंबर बंद करत होती.

घर भाड्याने गेलं की ते बंद करायचं, म्हणजे दाराचे दोन्ही बाण काढायचे. यादीच्या पानावरून आत नेणारा एक आणि आतून यादीकडे बाहेर नेणारा दुसरा. फक्त त्याआधी एक नियम होता, आणि तो तिनेच केलेला होता. आत्ता आत किती माणसं आहेत ते बघायचं. शून्य असेल तरच बाण काढायचे, नाहीतर आतल्या गिऱ्हाइकाचा पडदा तिथेच अडकतो आणि तक्रारी येतात. बाकी एकेचाळीस घरांच्या बाबतीत तिने हा नियम पाळला होता.

त्या दिवशी टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. तिने बघितलं नव्हतं.

"कुणाचा तरी कॉम्प्युटर चालू राहिला असेल," सर्वज्ञ म्हणाला. "कुठल्यातरी कोपऱ्यात पडून असेल बिचारा."

"पडून कुठे आहे," ती पडद्यावरच्या बदलणाऱ्या खोलीच्या नावावर बोट ठेवून म्हणाली. "हलतोय तो."

४

नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही एक सोय होती. माणूस कुठून कुठे गेला, ते लाल ठिपक्याच्या रूपात पुन्हा बघता यायचं. ते बघून भेटीला येणाऱ्यांचा कल कळतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

तिने आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर तिचं घर आलं, पण आठ महिन्यांपूर्वीचं, सामान लावायच्या आधीचं. बोडका हॉल. स्वच्छ ओटा. पॅसेज. मागच्या खोलीत नुसता लोखंडी पलंग, ज्यावर आता बाबा झोपत. ठिपका हॉलमधून निघाला, सरळ, न थांबता पॅसेज ओलांडून खोलीत गेला, परत आला, स्वयंपाकघरात डोकावला आणि मुख्य दारापाशी गेला. तिथे दाराच्या बरोबर मधे, जिथे बाहेर जाणारा बाण असायचा, तिथे तो वर-खाली झाला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग माघारी फिरला.

दिवसभरात एकेचाळीस वेळा. उरलेला सगळा वेळ तो मागच्या खोलीत होता, पलंगाच्या शेजारी.

एखादं बिघडलेलं यंत्र असंच करत राहील, असं तिने स्वतःला सांगितलं. यंत्राला कंटाळा येत नाही, यंत्राला वेळ कळत नाही. तर्क अगदी ठीक होता. तरी त्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली.

घरी पोचल्यावर तिने चपला काढल्या, दार आतून लावलं आणि तिथेच उभी राहिली. दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढ्या जागेतला रंग गेला होता. आतलं लाकूड दिसत होतं, गुळगुळीत. आठ महिने ती हे बघत होती आणि आधीच्या भाडेकरूच्या नावाने बोटं मोडत होती. पण फोटो तिनेच जोडले होते. फोटोतल्या दाराचा रंग शाबूत होता.

तिने हलकेच तिथे बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. लाकूड कोमट होतं. दुपारचं ऊन त्या दारावर येत नसे.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डबे खायच्या वेळेला, तिने पडद्यावर आत्ताचं चित्र लावलं. ठिपका मागच्या खोलीत होता. तिने घरी फोन लावला. मावशींनी तो बाबांच्या कानाशी दिला.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"खोलीत कोण आहे आत्ता?"

आठ महिन्यांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता.

"आहे की," ते म्हणाले. "खिडकीपाशी उभा आहे."

ठिपका खिडकीच्या चौकटीवर होता. योगायोग, ती मनाशी म्हणाली. खोलीत जागा ती किती, खिडकी नाहीतर पलंग. निम्म्या वेळा कुणाचंही बरोबर येईल.

"आता?"

"आता निघाला," बाबा म्हणाले. "माझ्या पायाकडून. पॅसेजमध्ये गेला. ऐक."

फोनमधून तिला टक, टक, टक, टक असा फरश्यांचा आवाज आला. न थांबता. पडद्यावर ठिपका पॅसेज ओलांडत होता.

"मावशी आहेत का त्या?" ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

"मी इथे आहे ताई," मावशी फोनजवळूनच बोलल्या. "आजोबांची चादर बदलतेय. ती फरशी ना, उन्हाने वाजते. रोजच वाजते."

"दाराशी गेला आता," बाबा म्हणाले. "चाचपडतोय. बिचाऱ्याला दार सापडत नाही, पोरी. आपण आलो त्या दिवसापासून."

ठिपका दाराच्या मधोमध वर-खाली होत होता.

डबा तसाच राहिला. सर्वज्ञ मागे कधी येऊन उभा राहिला तिला कळलं नाही. त्याने फोनवरचं सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्या हातातली पोळी हातातच होती.

संध्याकाळी तिने बाबांच्या उशाखालून वही काढली आणि पहिलं पान उघडलं. इतके महिने ती न वाचताच शेवटच्या ओळीवर सही करत आली होती, पहिलं पान बघायचं कारणच पडलं नव्हतं. पहिली ओळ बाबांच्या रेखीव अक्षरात होती. पाहुणा, एक. आत: अकरा वीस. बाहेर: काही नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "पोरीला घाई होती, बोललो नाही."

तिला रडू आलं. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

६

"पान उडवून टाकू," सर्वज्ञ म्हणाला. "चौदा नंबरच काढून टाकू साइटवरून. ना रहेगा बांस..." मालकीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे बोललाच नाही. त्यांना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कळायला मार्ग नव्हता, पण त्या हसल्या नाहीत.

"पान उडवलं तर तो कुठे जाईल?" ती म्हणाली. "त्याला तेवढं एकच घर आहे. नाहीतर..." पुढचं वाक्य तिने गिळलं. नाहीतर माझं.

उपाय तिच्याच हातात होता, पाच मिनिटांचा. बाहेर जाणारा बाण परत लावायचा. आत नेणारा मात्र लावायचा नाही. गेला की गेला, पुन्हा यायला वाट नको. त्या रात्री तिने याचा चहूबाजूंनी विचार केला आणि तिला त्यात खोट सापडली नाही.

सकाळी बाबांना चहा देताना ती म्हणाली, "आज त्याला बाहेर काढते, बाबा. दुपारी दार उघडते त्याच्यासाठी."

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत तिने तो असा बघितला नव्हता. "किती वाजता?"

"साडेतीनच्या सुमाराला."

"बरं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण एकटा कसा जाईल? पाहुण्याला एकटं सोडत नाहीत. फाटकापर्यंत कुणीतरी लागतं बरोबर. आमच्याकडे तसा नियमच होता."

"जाईल तो," ती म्हणाली. "दार दिसलं की झालं."

बाबांनी चहा संपवला. मावशी आल्यावर त्यांनी दाढी करून मागितली आणि खिशाचा निळा शर्ट काढायला सांगितला. खिशात पेन लावलं. त्यांचा असा हुरूप बघून तिला बरं वाटलं. निघताना तिने वहीत सही केली आणि त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ बघून वेळ लिहिली.

७

साडेतीनला तिने बाण लावला. मागे सर्वज्ञ आणि मालकीणबाई उभे होते. पडद्यावर बोडक्या हॉलचं दार, आणि त्याच्या मधोमध पांढरा बाण.

ठिपका मागच्या खोलीत, पलंगापाशी होता. हलेना. पाच मिनिटं गेली, आठ गेली. तीन चाळीसला तो निघाला.

पण त्याची चाल वेगळी होती. एरवी तो पॅसेज एका दमात ओलांडायचा. आज जरासा पुढे जायचा आणि थांबायचा. पुन्हा जरासा पुढे, पुन्हा थांबा. एकदा तर थोडा मागेही आला.

"नेट मंद आहे," सर्वज्ञ म्हणाला.

तिला त्या चालीत काहीतरी ओळखीचं वाटलं, पण तिचं सगळं लक्ष बाणाकडे लागलं होतं. ठिपका हॉलमध्ये आला. दारापाशी थांबला. बराच वेळ थांबला, एखादा माणूस चपला घालायला थांबतो तसा. मग बाणावर गेला आणि बाण दाबला गेला. तीन बेचाळीस.

आत: शून्य.

मालकीणबाईंनी सोडलेला श्वास तिला मानेवर जाणवला. सर्वज्ञाने टाळी वाजवली. सरासरीचा आकडा डोळ्यांदेखत घसरला आणि दोन मिनिटांवर येऊन बसला. तिला हसू आलं. आठ महिन्यांचं पाप फिटल्यासारखं वाटलं.

"हे काय," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं होतं. चौदा नंबरच्या त्या भेटीचा गोषवारा आला होता.

आत आले: एक. बाहेर गेले: दोन.

"एकाचे दोन," मालकीणबाई सर्वज्ञाला म्हणाल्या. "परत कोड दोनदा चिकटवलास ना?"

"नाही हो." त्याने वाकून कोड उघडला, वरपासून खालपर्यंत बघितला. "एकदाच आहे. बघा ना, एकदाच आहे."

दोन पावलं आणि थांबा. तिला आता कळलं, ती चाल कुणाची होती.

तिने फोन उचलला. मावशींनी लगेच घेतला. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. आजोबा? आजोबा पडलेत की खोलीत, आत्ताच तर पांघरूण घालून आले. थांबा, बघते. पावलं गेली. फोनमध्ये नुसता नळाचा आवाज येत राहिला. मग मावशी परत आल्या.

"ताई, दार आतून लावलेलं आहे," त्या म्हणाल्या. "कडी मीच घातलीय, तशीच आहे. पण आजोबा घरात नाहीत."

८

ती पोचली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. मावशी बाहेर जिन्याशी बसून होत्या. शेजारपाजारचे लोक चार गल्ल्या फिरून आले होते. ज्याचा खुबा मोडलाय असा म्हातारा जाऊन जाऊन जाईल किती लांब, असं जो तो म्हणत होता.

ती एकटीच आत गेली.

वॉकर दाराशी भिंतीला लावून ठेवलेला होता, नीट, वाटेत येणार नाही असा. बाबांच्या चपला नव्हत्या. पलंगावरचं पांघरूण घडी केलेलं होतं आणि त्यावर वही उघडी पडली होती.

पहिल्या पानावरची पहिली ओळ पुरी झाली होती. पाहुणा, एक. बाहेर: तीन बेचाळीस. खाली आजच्या तारखेची नवी ओळ. सोबत फाटकापर्यंत, स्वतः. बाहेर: तीन बेचाळीस. त्यापुढे बाबांनी एक जादा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिलं होतं, "परत". त्याखालची जागा कोरी होती.

परत. ती पलंगावर बसली आणि तो शब्द बघत राहिली. बाबा पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून परत येणार होते. एकतीस वर्षं ते तसेच परत आले होते. आणि आत नेणारा बाण तिने मुद्दाम, विचार करून, लावला नव्हता.

तिने सर्वज्ञाला फोन लावला. तो अजून ऑफिसातच होता.

"बाकीच्या घरांत बघ," ती म्हणाली. "बेचाळिसांतल्या कुठल्याही घरात कुणी असेल तर बघ."

"बघितलं ताई. सगळीकडे शून्य आहे. यादीच्या पानावर तेवढी हालचाल दिसतेय."

"किती जण?"

"ते नाही कळत. चौदा नंबरच्या फोटोपाशी आहे काहीतरी. आत्ता दाराच्या फोटोवर वर-खाली होतंय."

तिने डोळे मिटले. "आत यायचा बाण लाव."

तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, बाण लावला तर कोण येईल ते आपल्या हातात नाही. तोही येईल."

"माझे बाबा बाहेर उभे आहेत," ती म्हणाली. "लाव."

तिकडे कळांचा आवाज झाला. ती वही मांडीवर घेऊन, पेनाचं टोपण काढून, खोलीच्या उघड्या दाराकडे तोंड करून बसली. इथून पॅसेजचा तुकडा दिसत होता, मुख्य दार दिसत नव्हतं. घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती. बाबा आले की वेळ लिहायची, सही घ्यायची, मग त्यांच्यावर रागवायचं, मग चहा टाकायचा.

"लागला," सर्वज्ञ म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आत एक."

मुख्य दाराची कडी वाजली नाही. पण पॅसेजमधली पहिली फरशी वाजली.

टक.

दुसरी वाजली. टक. आता थांबा, ती मनात म्हणाली, आता थांबा बाबा, दम घ्या.

तिसरं पाऊल न थांबता पडलं.